खास आपल्या कारखान्यासाठी

"मागच्या रजेतला ताप तरी खरा होता का, बाई?" कारखान्याच्या नव्या सॉफ्टवेअरनं विचारलं आणि स्टोअरकीपर वासंती घरतची रजा नाकारली. मुलीचा साखरपुडा परवावर आला होता.

बाजारातल्या तयार सॉफ्टवेअरला आपली माणसं कळत नाहीत, असं मालकांचं म्हणणं. म्हणून त्यांनी निवृत्त मॅनेजर शिरगावकरांचा मेंदू उतरवून हे खास बनवून घेतलं. त्यांची वासंतीबद्दलची वीस वर्षांची अढीही त्यात आली.

नातवंडांत रमून मऊ पडलेल्या शिरगावकरांना वासंतीनं घरून आणलं. ते ओशाळून कॉम्प्युटरच्या पडद्याला म्हणाले, "मीच सांगतोय, दे बाईंना रजा."

"निवृत्त माणसाचं इथं चालत नाही," पडदा म्हणाला.

"मी असाच होतो का हो?" शिरगावकरांनी विचारलं.

"नाही साहेब," वासंती म्हणाली. "तुम्ही संध्याकाळी सहाला तरी घरी जायचात."