झाडलेलं अंगण

“वाळू अंगणात असते, डोरीन! वर्गात कोण ओततं? तेही आज?”

“मग कधी ओतू? ती बाई माझी पोर घेऊन गेल्यावर?” डोरीनने ताडपत्रीचं टोक हिसडलं. अर्धी ट्रॉली लाल वाळू तिने सकाळीच आणून टाकली होती. “पाच महिने तू तिला चित्रं दाखवलीस. सफरचंद. छत्री. इथं छत्री कुणी बघितलीय, हेदर? तूच सांग.”

हेदरने चित्रांची कार्डं उचलून कपाटात ठेवली. बालवाडीची बाई ती, शहरातनं आलेली. मनाने वाईट नव्हती. पण दुपारी अ‍ॅलिस शहराहून तपासणीवाली येणार होती, हे दोघींनाही ठाऊक होतं. डोरीनची रोझिना आजही बोलली नाही, तर तिला तिकडच्या खास शाळेत नेणार. साडेचारशे किलोमीटर लांब. परक्या घरात. पाच वर्षांची पोर.

पोर आधी अशी नव्हती. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. कानाच्या ऑपरेशनला अ‍ॅलिसला नेली, आत्या सोबत होती, दहा दिवसांनी परत आली. गाडीतनं उतरली. खाली मान घालून घराभोवती दोन फेऱ्या मारल्या. झालं. तेव्हापासून शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत.

“बसा रे गोल,” डोरीन पोरांवर ओरडली. “आमच्या लहानपणी आम्ही हेच खेळायचो. एकाने ठसा काढायचा, बाकीच्यांनी ओळखायचं. चल, कॅल्विन, तू आधी.”

तीन बोटं टेकली की इमू. करंगळी वळवत ओढली की घोरपडीची शेपटी. पोरं ठसा पुरा व्हायच्या आत ओरडत होती. कॅल्विनने उंट काढला, तर एक पाऊल वाकडंच पडलं.

“ए, तुझा उंट लंगडा!”

“लंगडा नाय, दमलाय. तुझ्या काकाची बंद गाडी ओढून आणलीय त्यानं!”

पोरं हसून वाळूत लोळली. हेदरसुद्धा हसली. रोझिना हसली नाही. ती पुढं सरकली आणि वाळूत एक चौकोन काढला. घर. मग मूठ वळून तिची कड वाळूत दाबली. वर बोटाने टिंबं दिली. माणसाचं पाऊल.

मग दुसरं. उजवं. बाहेरच्या बाजूला वळलेलं. त्याला बोटं तीनच.

डोरीनने ते पाऊल ओळखलं.

पोरांनीही ओळखलं. इथं तोंड ओळखावं तसं प्रत्येकाला प्रत्येकाचं पाऊल ओळखू येतं.  कॅल्विनने भिंतीकडे तोंड फिरवलं.

“काय झालं?” हेदर कुजबुजली. “किती सुंदर काढलंय!”

 ते पाऊल डोरीनच्या बापाचं, रोझिनाच्या आजोबाचं होतं. पोर अ‍ॅलिसला असताना तो गेला. गेलेल्याचं नाव घ्यायचं नसतं, आणि त्याचं पाऊल जमिनीवर ठेवायचं नसतं. त्याच दिवशी बायकांनी फांद्यांनी सगळं अंगण झाडलं होतं. डोरीननेही झाडलं होतं. एक बोट शिल्लक ठेवलं नव्हतं.

आता पुसायलाच हवं होतं. तिने हात उचलला. आणि तिची नजर दाराकडे गेली. तिथं तिची आई बसली होती, चुंकाया. त्या पावलांच्या माणसाची बायको. म्हातारी भडकली तर खेळ आजच संपला. वाळू गेली, आणि पोरही गेली.

चुंकाया उठली. काठी टेकत आली. गुडघ्यांवर हात ठेवून हळूच खाली बसली.

“आई, मी पुसते, मी...”

“हात मागं घे.”

रोझिनाने मान वरसुद्धा केली नाही. पाऊल, पाऊल, पाऊल. प्रत्येक उजवं पाऊल तसंच वळलेलं, टाच तशीच जरा जास्त खोल. म्हातारा चालायचा तसाच. पाच महिने पोरीने हे सगळं कुठं ठेवलं होतं?  डोरीनला वाटलं, आत्ता बाप खाकरेल.

पावलं घरापासनं निघाली ती ताडपत्रीच्या कडेला आली. वाळू संपली. रोझिनाची मूठ हवेतच थांबली.

चुंकायाने ओंजळभर वाळू उचलली आणि कडेच्या पलीकडे, पुसून लखलखीत केलेल्या फरशीवर पसरली. हेदरने फरशीकडे बघितलं.  मग उठली आणि वाटेतल्या खुर्च्या एकेक करून बाजूला केल्या.

ओंजळ, पाऊल. ओंजळ, पाऊल. बाहेर तपासणीवालीची गाडी थांबल्याचा आवाज आला. कुणी बघितलं नाही.

उंबऱ्यावर शेवटचं पाऊल पडलं, बोटं बाहेर रानाकडे. रोझिना उठली. वाकून घराच्या चौकोनापासनं सगळं पुसत आली. तळहाताने, सावकाश, बायका झाडतात तशी. एकही बोट शिल्लक ठेवलं नाही. शेवटच्या पावलापाशी थांबली आणि आजीकडे बघितलं.

“मी परत आले तेव्हा शोधलं,” ती म्हणाली. आवाज घोगरा, गंजलेला. “जातानाचं पाऊल कुठंच नव्हतं. मला वाटलं, तो घरातच लपलाय. मी बोलले असते तर त्याचा आवाज मला ऐकू नसता आला.”

तिने उंबऱ्यावर हात फिरवला.

“आता त्याला निघायला हवं.”