उरलेलं उद्या

"अजूनही तीन टोपल्या मासे?" तोकिजी फोनवर म्हणाला. "अगं, तिकडे राजधानी पेटलीय, राक्षसाची फौज निघालीय, आणि तुझा नायक नदीवर गळ टाकून बसतो? मुखियाच्या जेवणासाठी?"

पलीकडे सुमिए हसली. त्याची ही लेक ओसाकातल्या एका छोट्या कंपनीत व्हिडिओ गेमच्या कथा लिहायची. "किती हवेत म्हणालात, बाबा?"

"कितीदा सांगू? एक. एक मासा धरला की पूल उघडायचा आणि पुढे. गोष्ट तुंबली की माणूस उठून जातो."

"बघते. आणखी काय खटकलं?"

"आहे एक. पण मोठं आहे. उद्या सांगतो."

हे 'उद्या' त्याचं जुनं हत्यार. तरुणपणी तो सायकलवर लाकडी चौकट बांधून गल्लोगल्ली चित्रांतून गोष्ट सांगायचा. पोरं त्याच्याकडून साखरेचा चिकट पाक विकत घ्यायची आणि काडीवर चाटत पुढ्यात बसायची. ऐन मोक्याला तो चित्र अर्धंच सरकवायचा. दाराआडून आलेला हात दिसायचा, माणूस नाही. "उरलेलं उद्या." पोरं चडफडायची आणि दुसऱ्या दिवशी हटकून यायची.

आता तीच युक्ती तो लेकीवर चालवत होता, आणि त्याची त्याला काडीची लाज वाटत नव्हती. बायको गेल्यापासून हामादा गावातल्या त्या घरात बोलायला कुणी नव्हतं. दिवसदिवस तोंड उघडायचं ते फक्त जेवायला. सुमिएचा फोन यायचा नव्या वर्षाला आणि पितरांच्या दिवसांत, तोही हवापाण्याचा. मग चार वर्षांपूर्वी एकदा "कथा रेंगाळतेय, जरा बघता का?" म्हणून तिने गेमची तबकडी पाठवली, आणि रोज संध्याकाळी फोन वाजू लागला. भात शिजवताना म्हातारा गुणगुणायला लागला.

धास्ती एकच होती. गेम तयार झाला की फोन संपला. म्हणून तो एका वेळी एकच चूक सांगायचा, तीही अर्धी. असले गेम बनायला वर्षं लागतात, असं सुमिए म्हणायची. लागू देत, त्याला कुठं घाई होती.

शिवाय पोरगी हट्टी निघाली. अधूनमधून "सुधारलीय" म्हणून साध्या कागदात गुंडाळलेली तबकडी यायची. लावून बघावं तर टोपल्या तीनच. फितूर मंत्री पहिल्याच दरबारात ओळखू यायचा. जिवाभावाचा सोबती मरायचा आणि रडायला उसंतही न देता पुढची लढाई सुरू. "आईवर गेलीय, ऐकेल तर शपथ," असं पुटपुटत तो मजेत कुरकुरायला बसायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तबकडी बाहीने पुसताना हातातून निसटली आणि लोखंडी शेगडीवर आपटून घासत खाली गेली. चांगलाच ओरखडा पडला. नायक नदीत गळ टाकायचा आणि तिथंच गोठायचा. ती 'मोठी' चूक तर अजून शोधायची होती. संध्याकाळी बोलायचं काय? "सगळं ठीक आहे" म्हटलं की मिटलंच. नवी तबकडी पाठव म्हणावं, तर सुमिए म्हणेल, "राहू द्या बाबा, आता झालंच आहे." तेवढं ऐकायची त्याची छाती नव्हती.

तो बसने स्टेशनजवळच्या गेमच्या दुकानात गेला. दुकानातल्या बाईने तबकडी यंत्रात घालून घासून दिली आणि पडद्यावर लावून पाहिली. नाव झळकलं.

"हा होय," ती म्हणाली.

तोकिजी घाईने पुढे झुकला. "कुणाला सांगू नका हं. माझ्या मुलीचा आहे. अजून बाहेर यायचाय."

"बाहेर यायचाय? आजोबा, येऊन तिसरं वर्ष लागलं याला. त्या जुन्यांच्या खोक्यात बघा, दोनचार पडलेत. आमच्या ह्यांनी दोनदा संपवला."

तोकिजी खोक्याकडे वळला नाही. काउंटरची कड त्याने घट्ट धरली होती.

"दुसरा असेल तो," तो म्हणाला. "ह्यात नदीवर तीन टोपल्या मासे धरावे लागतात. माणूस कंटाळून उठतो."

"छे हो," बाई म्हणाली. "एक मासा धरला की पूल उघडतो."