निजलेली जमीन

मढच्या डोंगरावर पवनचक्क्यांसाठी जागा शोधणारी रुपाली टॅबवरच्या नकाशावर सरकारी मालकीच्या एका उताराची नोंद भरत होती. तो उतार पिढीजात कसणारा कुशाबा शेजारी अनवाणी उभा होता. पर्याय दोनच होते: लागवड किंवा पडीक. पडीक ठरली की जमीन पवनचक्क्यांसाठी जाणार होती. “बाबा, यंदा काय पेरलंय?” “काय न्हाई. तीन सालं वरई काढली, दमली ती. आता चार सालं निजंल.” “मूठभर पेरली म्हणा ना. मी लागवड लिहिते.” कुशाबा भडकला. “निजलेल्या भुईवर उभं राहून खोटं बोलू? तिला ऐकू जातं, पोरी.” “जमीन जाईल, बाबा.” तो बधला नाही. तिनं ‘पडीक’वर बोट टेकवलं. पवनचक्कीला योग्य जागेचा हिरवा रंग स्क्रीनवरच्या उतारावर पसरला. कुशाबा वाकून बघत राहिला, मग खुशीत हसला. “बघ, खरं बोललो, कशी पिकली!”