कोरा पेपर

या मायबाप, जरा जवळ सरकून बसा, एक गोष्ट ऐका. नागपुरात शिकायला आलेली काबूलची जरमिना वर्गात सगळ्यांत हुशार. पण शेवटच्या वर्षाचा शेवटचा पेपर तिनं कोराच दिला. पेपर तपासणाऱ्या मेघामॅडमनी तिला बोलावून घेतलं.

“काहून वं, तब्येत बरी नव्हती का?”

“बरी होती, मॅडम. पास झाली तर व्हिसा संपते, हॉस्टेल सुटते. मंग परत काबूल. तिथं पोरींले कॉलेज नाही.”

बसची वेळ सांगावी तशी ती बोलली. मॅडमनी पेपरावर शून्य लिहिलं.

“पुढच्या सालीही हा पेपर मीच तपासते,” त्या हळूच म्हणाल्या.

तर मायबाप, आपलं लेकरू पास व्हावं म्हणून देवापुढं हात जोडाल, तेव्हा जरमिनाची आठवण ठेवा, आणि ती नापास व्हावी म्हणूनही जोडा.