बांधावरची खुंटी

नॉटिंगहॅमजवळच्या त्या गावात सरंजामी काळातलं कोर्ट अजूनही भरतं आणि कुळंच एकमेकांचा न्याय करतात. यंदा अक्षरा पहिल्यांदा पंच झाली आणि शेतांच्या पाहणीत तिच्याच बाबांचा नांगर सामाईक कुरणात घुसलेला निघाला. अशा जागी खुंटी ठोकून दंड लावायचा नियम होता. पण मुख्य पंच शेजारी उभ्या बाबांकडे बघत हसून म्हणाला, "राहू दे, तुम्ही लोक इथं नवीन आहात." बाकीच्यांनी माना डोलावल्या. अक्षराला मात्र सुटल्यासारखं वाटेना. हातातली खुंटी ती नुसतीच फिरवत राहिली. "बाबा," ती कुजबुजली, "हे आपल्याला सोडतायत." "गेल्या वर्षी शेजारच्या जेफ्रीचा नांगर असाच घुसला, तेव्हा त्याला सोडलं का?" बाबांनी विचारलं. "नाही." "तुझ्या जन्माआधीपासून इथं शेती करतोय मी," बाबा म्हणाले. "ठोक." तिनं खुंटी ठोकली. मुख्य पंचानं वरमून रीतसर दंड सुनावला. तसे बाबा गावातल्या कुठल्याही शेतकऱ्यासारखेच तडकले, "एवढा? हा काय न्याय झाला?"