करडईचे शेंडे

हुमनाबादच्या वाटेवरची शिसं वितळवायची भट्टी बंद झाली, तरी शेजारच्या श्रीपतरावाच्या वावरात तिचं विष मुरून राहिलं. धारवाडच्या कृषी विद्यापीठातल्या साहेबांनी तिथं करडई पेरायला लावली अन् बजावलं, “ती मातीतलं शिसं शोषून घेईल, मग उपटून खोल पुरा. गुरांनासुद्धा घालू नका.” घरी त्यानं बायकोला एवढंच सांगितलं, “करडई गुरांना घालू नको.” येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाची पंगत वावरात बसली, तेव्हा ओल्या दाण्यांच्या अन् पालेभाजीच्या भज्जीत त्याला करडईची कोवळी पानं दिसली. “ही कुठली गं?” “आपलीच की! पोरगी पांढरीफटक पडलीया, हिरवी भाजी चारा म्हनले न्हाईत का डागदर? दोन महिने रोज शेंडे खुडून घालायलेय तिला. गुरांना एक पान लावलं न्हाई बघा.” श्रीपतरावानं धावत जाऊन लेकीच्या तोंडात बोट घातलं. घास केव्हाच गिळला होता. खेळ समजून तिनं हसत ते हळूच चावलं.