दुखापतीविना सामने

चाकणच्या कारखानदारांनी फुटबॉल क्लब काढला, तेव्हा मैदानाच्या गेटवर कंपनीत 'अपघाताविना दिवस' मोजायला असतो तसाच फळा टांगला: 'दुखापतीविना सामने'. आज त्यावर नवा विक्रम लिहिला जाणार होता. पण गोलरक्षक सिद्धेशचं डोकं खांबावर आपटलं. त्यानं तसाच सामना संपवला आणि कपडे बदलताना तो कोसळला.

त्याला गाडीत घालताना मॅनेजर त्याच्या वडिलांच्या कानाशी आला. "खंडूकाका, दवाखान्यात सांगा, घरी जिन्यावरून पडला. फळा पुसावा लागला तर पोराचा करार राहायचा नाही."

कंपनीत प्रेस मशीनवर खंडूचं स्वतःचं बोट तुटलं होतं, तेव्हा त्यानंही 'घरी लागलं' असंच सांगितलं होतं.

"कसं लागलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"घरीच. जिन्यावरून पडला," खंडू म्हणाला.

सिद्धेशनं डोळे उघडले. पत्र्याच्या एका खोलीत तो लहानाचा मोठा झाला होता. बापाकडे बघत त्यानं घाबऱ्या आवाजात विचारलं, "आप्पा, आपल्या घराला जिना हाय?"